जुन्या डेस्कटॉपचा डिस्प्ले येत नाही, ड्रायव्हर टिकत नाही: फॉरमॅट मारण्याआधी काय तपासायचं

नागपुरात टायपिंग क्लासमध्ये, झेरॉक्सच्या दुकानांत आणि कितीतरी घरांत दहा-बारा वर्षांपूर्वीचे असेंबल्ड डेस्कटॉप अजून रोज चालतात. त्यांची देखभाल करताना मला दोन तक्रारी सारख्या ऐकू येतात. पहिली, "ताई, पीसी चालू होऊन राहिला, पण डिस्प्ले येऊन नाही राहिला." दुसरी, "डिस्प्ले येतो, पण अक्षरं ही मोठ्ठाली आणि व्हिडिओ अडकून राहिला." दोन्हींवर सर्रास एकच उपाय सांगितला जातो, विंडोज फॉरमॅट मारा. पहिली तक्रार फॉरमॅटने जाणं शक्यच नाही. दुसरी गेली तरी बहुतेकदा परत येते. म्हणून हा क्रम लिहून ठेवते आहे. फुकटचं आधी, खर्चाचं नंतर.

लक्षणं

तुमचं मशीन नेमकं काय करतं ते कागदावर लिहा. "डिस्प्ले खराब आहे" एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

– पंखे फिरतात, कीबोर्डचा दिवा लागतो, मॉनिटर मात्र "नो सिग्नल" म्हणून झोपी जातो.
– मॉनिटरचा स्वतःचा दिवासुद्धा लागत नाही.
– चित्र येतं, पण सगळं पिवळं, गुलाबी-जांभळं किंवा हिरवट-निळं.
– "इनपुट नॉट सपोर्टेड" किंवा "आउट ऑफ रेंज" अशी पाटी फिरत राहते.
– सुरुवातीचा लोगो दिसतो, विंडोजचे ठिपके गोल फिरतात आणि मग काळोख.
– रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ किंवा ८०० बाय ६०० वर अडकलं आहे, पुढचा पर्यायच दिसत नाही.
– काम करता करता स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते आणि डिस्प्ले ड्रायव्हर (विंडोजला डिस्प्लेचा भाग चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) थांबला होता, आता सावरला, अशा अर्थाचा इंग्रजी निरोप येतो.
– रेघा किंवा रंगीत चौकोन दिसतात, दुपारी जास्त, सकाळी कमी.
– ड्रायव्हर टाकला की सगळं छान, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

यातलं कुठलंही लक्षण असो, सगळ्यात आधी एक चाचणी करा, कारण पुढे कुठल्या दिशेने जायचं ते तिच्यावर ठरतं. मशीन सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, शिरा. तिथे दहा-पंधरा मिनिटं मशीन तसंच राहू द्या. बायोसच्या पडद्यावर असताना विंडोज सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे विंडोजचा ड्रायव्हरही कामाला लागलेला नसतो. रेघा, लुकलुक, उडालेला रंग किंवा काळोख तिथेही असेल, तर ड्रायव्हरचा काही संबंध नाही. दोष केबल, मॉनिटर, रॅम, ग्राफिक्स कार्ड (चित्र तयार करणारं वेगळं कार्ड) किंवा वीजपुरवठ्यात आहे. बायोस स्वच्छ दिसत असेल आणि विंडोज आल्यावरच बिघडत असेल, तर संशय ड्रायव्हरवर.

बायोस कमी रिझोल्यूशनवर चालतो, म्हणून कमजोर केबल तिथे निभावून जाते आणि विंडोजमध्ये रिझोल्यूशन वाढलं की लुकलुकते. म्हणजे बायोस स्वच्छ दिसला तरी केबल एकदा बदलून पाहायचीच.

एक रुपया न लागता

मॉनिटरपासून सुरुवात करा. मागची केबल काढून मॉनिटर नुसता विजेवर चालू करा. "नो सिग्नल" किंवा "चेक केबल" अशी पाटी स्पष्ट दिसली, तर पॅनल आणि मागचा उजेड दोन्ही ठीक आहेत, पुढे कॅबिनेटकडे वळा. पाटी दिसत नसेल तर खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून स्क्रीनवर मारा. अंधुक अक्षरं दिसली तर चित्र येतं आहे, फक्त मागचा दिवा मेला आहे. अशा वेळी कॅबिनेट कितीही उघडलं तरी फायदा नाही.

मॉनिटरला व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही असतील, तर सोर्सचं बटण दाबून योग्य इनपुट निवडलं आहे ना ते पाहा. हसू नका, लहान मुलांनी बटणं दाबलेली असतात आणि मोठी माणसं तेवढ्यासाठी मेकॅनिक बोलावतात.

"आउट ऑफ रेंज" हा बिघाड नाही. मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा किंवा जुना चौकोनी १२८० बाय १०२४ चा असतो आणि कॉम्प्युटर त्याला झेपणार नाही असं रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट पाठवतो. दुसऱ्याचा मोठा मॉनिटर जोडून परत आपला लावला की हे हमखास होतं. सेफ मोडमध्ये (विंडोजची कामचलाऊ ड्रायव्हरवर चालणारी साधी अवस्था) जाऊन रिझोल्यूशन खाली आणा, संपलं.

त्यानंतर केबल. व्हीजीएच्या तोंडात पाच-पाचच्या तीन ओळींत पंधरा पिनांची जागा असते. पहिल्या तीन पिना लाल, हिरवा आणि निळा रंग नेतात. लालची पिन वाकली किंवा तुटली तर स्क्रीन हिरवट-निळी होते, हिरव्याची गेली तर गुलाबी-जांभळी, निळ्याची गेली तर पिवळी. १३ आणि १४ नंबरच्या पिना चित्र जागेवर धरून ठेवतात, त्या गेल्या तर चित्र फिरतं किंवा येतच नाही. मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन पुष्कळ केबलींमध्ये कारखान्यातूनच नसते, ती तुटली समजून घाबरू नका. वाकलेली पिन सुईने किंवा चिमट्याने हळूच सरळ होते. दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळा. पिवळ्या पडद्यासाठी ड्रायव्हर बदलत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. बायोसही पिवळा दिसतो आहे, एवढं पाहिलं असतं तर तो वेळ वाचला असता.

केबल काढताना-लावताना मॉनिटर आणि कॅबिनेट दोन्ही बंद ठेवा. आपल्याकडे जुन्या घरांत अर्थिंग नुसतं नावाला असतं. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) आतल्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण अर्धं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. करंट अगदी कमी, हाताला झिणझिण्या येण्यापुरता. पण चालू अवस्थेत केबल जोडताना तोच करंट पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जाऊ शकतो.

कॅबिनेटमागे दोन ठिकाणी डिस्प्लेची तोंडं आहेत का तेही पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल, तर केबल खालच्या आडव्या पट्टीत लावायची, वर यूएसबीच्या शेजारी नाही. बहुतेक बोर्ड कार्ड दिसलं की आपलं अंगभूत डिस्प्ले बंद करतात. साफसफाईनंतर "डिस्प्ले गेला" म्हणणाऱ्यांत केबल चुकीच्या तोंडात घातलेले पुष्कळ निघतात.

एचडीएमआयचं व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये असेल तर तो काढून दुसऱ्या मॉनिटरवर थेट जोडून पाहा. तो एचडीएमआयच्या ५ व्होल्टवर चालतो आणि स्वस्तातला असेल तर तापून मान टाकतो.

आता वीज. एप्रिल ते जून नागपुरात कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असणं हा मला सगळ्यात जास्त सापडणारा दोष आहे. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं, बंद होताना झटका येतो. मॉनिटर लुकलुकतो, कधी मशीन रीस्टार्ट होतं. कूलर वेगळ्या सॉकेटवर न्या आणि दोन दिवस पाहा. सोबत एक साधा उपाय: स्विच बंद करून पॉवर केबल काढा, कॅबिनेटचं पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग केबल लावून सुरू करा. वीज खालीवर झाल्यावर अडकलेली मशीनं पुष्कळदा एवढ्याने उठतात.

विंडोज १० असेल तर अजून एक फुकटची गोष्ट आहे. त्यात "शट डाउन" केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे ड्रायव्हरसकट आतली अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. "रीस्टार्ट" केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. रोज सकाळी स्क्रीन काळी आणि रीस्टार्टनंतर ठीक, असं होत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंदच करून टाका.

कॅबिनेट उघडून, तर्री-पोह्याच्या प्लेटीइतक्या खर्चात

पॉवर केबल काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. उघडल्यावर आधी पत्र्याला हात लावा म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरेल.

इथलं सगळ्यात गुणकारी हत्यार म्हणजे शाळेचं पांढरं खोडरबर. रॅमच्या पट्टीचे दोन्ही कान उघडून ती बाहेर काढा, खालची सोनेरी टोकं दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसा, रबराचे कण झटका, स्लॉटमधली धूळ कोरड्या ब्रशने काढा आणि दोन्ही कान कट्‌ असा आवाज करून बसेपर्यंत पट्टी दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून, स्लॉट बदलून पाहा. "पंखे फिरतात, डिस्प्ले नाही" या लक्षणात मी दुसरं काही करण्याआधी हेच करते. कारण सोपं आहे: बोर्ड सुरू होताना आधी रॅम तपासतो, ती सापडली नाही तर चित्र दाखवण्यापर्यंत पोचतच नाही. रॅमचा संपर्क तुटलेला असतो आणि आपण मॉनिटरला दोष देत बसतो.

आणि इथे हे इतकं का होतं? कूलर. खिडकीतल्या कूलरची ओली हवा थेट टेबलाखालच्या कॅबिनेटवर येते. धुळीत ओलावा मिसळला की तिचा थर संपर्काच्या टोकांवर बसतो. पुण्यातल्या कोरड्या खोलीत वर्षानुवर्षं न हलवलेली रॅम चालते, इथे मात्र उन्हाळा संपताना ती एकदा पुसावीच लागते. कॅबिनेट कूलरच्या झोतातून बाजूला सरकवलं तर हा त्रास बराच कमी होतो. उकाडा तुम्हाला आहे, त्याला फक्त फिरती हवा हवी.

मशीन बीप करत असेल तर मोजा. बोर्डावरचा बायोस अवॉर्ड कंपनीचा असेल तर एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. सतत लांब बीप म्हणजे रॅम. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये आठ आखूड बीप म्हणजे डिस्प्लेची मेमरी. कित्येक असेंबल्ड कॅबिनेटमध्ये बीपचा भोंगाच जोडलेला नसतो, तेव्हा शांतता म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. छोटा बझर सीताबर्डीवर सुट्या सामानाच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो.

बोर्डावरचा नाण्यासारखा सेल सीआर२०३२ जातीचा, ३ व्होल्टचा असतो. वीज गेली की घड्याळ मागच्या कुठल्या तरी वर्षात जात असेल तर तो संपला. सेल आणि डिस्प्लेचा काय संबंध, असं विचाराल. दोन संबंध आहेत. सेल मेला की बायोसच्या सेटिंग मूळ पदावर येतात आणि डिस्प्ले कार्डावरून द्यायचा की बोर्डावरून, ही निवडही बदलू शकते. दुसरा जास्त फसवा: तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइटी उघडत नाहीत, विंडोज अपडेट अडतं, ड्रायव्हर उतरत नाही. माणूस समजतो नेट खराब आहे.

ग्राफिक्स कार्ड असेल तर तेही काढून, टोकं पुसून, मागचा कान आवाज करेपर्यंत दाबून बसवा. कार्डाला वेगळी सहा पिनांची पॉवर लागत असेल तर ती जोडली आहे का पाहा. मग कार्ड काढून ठेवा आणि केबल बोर्डाच्या तोंडात लावून मशीन सुरू करा. डिस्प्ले आला तर दोष कार्डात किंवा त्याच्या पुरवठ्यात, हे निश्चित झालं. फक्त तुमच्या प्रोसेसरला किंवा बोर्डाला अंगभूत ग्राफिक्स असायला हवं. इंटेलच्या नावाशेवटी एफ असलेल्या प्रोसेसरला ते नसतं, पण इतक्या जुन्या मशीनांत तो क्वचितच सापडेल.

जाता जाता प्रोसेसरच्या आसपासचे छोटे उभे डबे पाहा. त्यांचं वरचं झाकण सपाट असायला हवं. फुगलेलं किंवा तपकिरी चिकट काही बाहेर आलेलं असेल तर ते कपॅसिटर गेले, आणि इथून पुढे घरचा उपाय नाही.

मग ड्रायव्हर

इथवर आलात आणि बायोस स्वच्छ आहे, म्हणजे आता ड्रायव्हरकडे पाहायला हरकत नाही.

डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली मशीनच्या भागांची यादी) उघडून डिस्प्ले अडॅप्टर्सखाली काय लिहिलं आहे ते वाचा. "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" असेल, किंवा विंडोज ७ मध्ये "स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स अडॅप्टर", तर खरा ड्रायव्हर नाहीच. विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर भागवतं आहे. मोठ्ठाली अक्षरं आणि अडकणारा व्हिडिओ त्याचेच. कार्डाचं नाव बरोबर पण पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ असेल, तर कार्डानेच आपण अडचणीत असल्याचं विंडोजला कळवलं आहे. कारण ड्रायव्हर असेल किंवा कार्ड. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची सही विंडोजला पटली नाही. जुन्या विंडोज ७ वर हे दिसतं, कारण नव्या पद्धतीची सही ओळखायला लागणारं केबी३०३३९२९ हे अपडेट तिथे नसतं.

कार्ड कुठल्या कंपनीचं ते कळत नसेल तर प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असं जा. व्हेंडरच्या जागी ८०८६ असेल तर इंटेल, १०डीई असेल तर एनव्हीडिया, १००२ असेल तर एएमडी. यात खोटं चालत नाही. डब्यावरचं नाव आणि दुकानदाराचं बोलणं यापेक्षा हा आकडा खरा.

आता मुख्य अडचण. जुन्या कार्डाला "लेटेस्ट" ड्रायव्हर द्यायचा नसतो, त्याच्यासाठी निघालेला शेवटचा द्यायचा असतो. बहुतेक जण इथेच चुकतात. माझ्याकडे जी कार्डं वारंवार येतात त्यांचा हिशोब असा.

इंटेलचे जी३१ आणि जी४१ चिपसेटचे बोर्ड: इंटेलने विंडोज ७ च्या पुढे त्यांच्यासाठी काम केलं नाही. विंडोज १० वर जे आपोआप बसेल त्यावर समाधान मानायचं. २०११ च्या दुसऱ्या पिढीच्या आय३, आय५ ला, म्हणजे एचडी २००० आणि ३००० ला, इंटेलने विंडोज १० साठी अधिकृत पाठिंबा दिला नाही. विंडोज अपडेटमधून येणारा घ्या, तो चांगला चालतो. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीला इंटेलचा स्वतःचा विंडोज १० ड्रायव्हर आहे.

एनव्हीडियाचं जीफोर्स २१० असेल तर ड्रायव्हरच्या ३४२.०१ या आवृत्तीवर थांबा. जीटी ६१० सारखी फर्मी पिढीची कार्डं ३९१.३५ वर थांबली, ते मार्च २०१८ चं. जीटी ७१० केपलर पिढीचं आहे, त्याला ४७० शाखेचा ड्रायव्हर लागतो, आणि त्या पिढीची सुरक्षा अपडेटंही सप्टेंबर २०२४ पर्यंतच होती. जीटी ७३० ची गंमत वेगळी. त्याच नावाने फर्मी आणि केपलर अशा दोन्ही चिपची कार्डं विकली गेली. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवून ९६ शेडर (चिपमधले चित्राचं गणित करणारे छोटे भाग) दिसले तर फर्मी, ३८४ दिसले तर केपलर. हे न पाहता ड्रायव्हर टाकला की "कम्पॅटिबल हार्डवेअर सापडलं नाही" असा निरोप येतो आणि माणूस कार्डालाच मोडीत काढतो.

एएमडीच्या एचडी ५४५० किंवा ६४५० ला कॅटलिस्ट १५.७.१ हा शेवटचा प्रमाणित ड्रायव्हर, २०१५ चा.

उतरवायचं फक्त कंपनीच्या साइटवरून. ब्रँडेड मशीन असेल तर त्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट" म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नका. ती चुकीचा ड्रायव्हर बसवतात, पैसे मागतात आणि सोबत जाहिरातींचं लचांड आणतात. ३२ बिट की ६४ बिट तेही पाहून घ्या.

टाकण्याची पद्धत महत्त्वाची, कारण जुन्याचे अवशेष राहिले की नवा नीट बसत नाही. नवी फाइल आधी पेन ड्राइव्हवर घ्या. मग लॅनची केबल काढा, वायफाय बंद करा. हे टाळू नका. तुम्ही जुना ड्रायव्हर काढला की विंडोज मागच्या दाराने स्वतःच्या पसंतीचा उतरवायला लागतं आणि दोघांची गाठ पडते. शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये जा, तिथे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, चालवून जुना पूर्ण पुसा. ते झेपत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून अनइन्स्टॉल करताना "ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढा" या चौकोनात खूण करा. रीस्टार्ट, मग पेन ड्राइव्हवरचा टाका, पुन्हा रीस्टार्ट, मग नेट जोडा.

"आठ-पंधरा दिवसांनी परत तेच" याचं कारण बहुतेकदा विंडोज अपडेट असतं. ते तुमचा चालता ड्रायव्हर बदलून टाकतं. सिस्टीम प्रॉपर्टीजच्या हार्डवेअर टॅबमध्ये डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज आहे, तिथे "नो" निवडा. तरीही बदलला तर डिव्हाइस मॅनेजरमधलं "रोल बॅक ड्रायव्हर" मागच्यावर नेतं. फॉरमॅट मारल्यावरही हेच अपडेट येतं, म्हणून तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

काम करता करता स्क्रीन गोठली तर विंडोज १० वर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. बीप येऊन ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडं काम जात नाही.

"ड्रायव्हर थांबला आणि सावरला" हा निरोप कधी येतो? कार्डाने साधारण २ सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला मेलेलं समजून पुन्हा उठवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींची नोंदवही) ही नोंद ४१०१ या आकड्याने सापडते. तिथल्या वेळा पाहा. महिन्यातून एखादी नोंद असेल तर सोडून द्या. रोज दुपारी एक ते पाचच्या दरम्यान रांग लागली असेल तर तो ड्रायव्हर नाही, तो मे महिना आहे. बाहेर ४५ अंश, टेबलाखाली चाळिशीच्या आसपास, आणि धुळीने भरलेला छोटा पंखा. मशीन बंद करून, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा (मोकळा सोडला तर वाऱ्याने सुसाट फिरून बेअरिंग जातं). एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान पाहा. साध्या कामात ९० च्या वर जात असेल तर हीटसिंकखालची (चिपवरच्या उष्णता खेचणाऱ्या धातूच्या तुकड्याखालची) पेस्ट वाळली आहे.

एकाच सेन्सरवर विसंबू नका मात्र. ३० मे २०२४ ला आपल्याच रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, मग सेन्सरमध्ये दोष असल्याचं स्पष्ट झालं. कार्ड ११० दाखवतं आहे आणि हीटसिंक हाताला कोमट लागतो, तर दुसऱ्या सॉफ्टवेअरने पडताळा.

एक लक्षण फसवं आहे, ते नीट ओळखा. बेसिक ड्रायव्हरवर मशीन दिवसभर बिनतक्रार चालतं आणि खरा ड्रायव्हर बसला त्या क्षणी काळोख, रेघा किंवा निळी स्क्रीन. सगळे ड्रायव्हरला शिव्या देतात. बेसिक ड्रायव्हर कार्डाचा खरा भाग वापरतच नाही, खरा ड्रायव्हर तो जागा करतो आणि मेलेला भाग उघडा पडतो. योग्य आवृत्तीचे दोन ड्रायव्हर स्वच्छ पद्धतीने टाकूनही असंच झालं, तर कार्ड गेलं.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचं लागतं. जुन्या इंटेल ग्राफिक्सवर लिनक्स मिंट चांगलं चालतं, ड्रायव्हर त्याच्या कर्नलमध्येच असतो. पण परीक्षेचं किंवा ऑफिसचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि केबल काढल्यावरही ते काही वेळ टिकून राहतं. बाहेरून मल्टिमीटरने पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मोजायला हरकत नाही, ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेर असेल तर एसएमपीएस बदलायचा, दुरुस्त करायचा नाही. मॉनिटरचंही तेच. जुन्या एलसीडीत नळीचा दिवा असतो आणि त्याच्या इन्व्हर्टरला शेकडो व्होल्ट लागतात.

जळका वास आला, ठिणगी दिसली, तर पुन्हा चालू करून पाहू नका. कॅबिनेटला झिणझिण्या येत असतील तर कॉम्प्युटरवाला नाही, आधी वायरमन बोलवा आणि सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. फुगलेले कपॅसिटर बदलणं सोल्डरिंग नीट येणाऱ्याचं काम आहे. बायोस फ्लॅश करणं डिस्प्लेच्या तक्रारीसाठी सहसा लागत नाही, आणि मध्येच वीज गेली तर बोर्डच जातो. हीटगनने किंवा ओव्हनमध्ये कार्ड तापवून "जिवंत" करायचे व्हिडिओ दिसतात. ते काही दिवस चालतं, मग पुन्हा जातं, आणि सोल्डरचा धूर घरात होतो तो वेगळा.

रॅम पुसली, केबल आणि मॉनिटर बदलून पाहिले, कार्ड काढून पाहिलं, तरी काहीच दिसत नाही: तुमचं काम इथे संपलं. दुकानात फक्त कॅबिनेट न्या, मॉनिटर घरीच ठेवा, तो ठीक आहे हे तुम्हाला माहीत आहे. लक्षणांचा तो कागद सोबत द्या आणि काय काय तपासून झालं ते सांगा. हार्ड डिस्कमधलं काम महत्त्वाचं असेल तर विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका असं त्याच कागदावर लिहून द्या. पार्ट बदलला तर जुना परत मागून घ्या. बोर्ड दुरुस्तीचा खर्च तशाच जुन्या सेकंडहँड मशीनच्या निम्म्यावर जात असेल तर मी तरी दुरुस्ती करत नाही. डिस्क आणि रॅम काढून घ्यायची आणि दुसऱ्या मशीनला वापरायची. रॅमच्या पट्टीवर डीडीआर२ आहे की डीडीआर३ ते वाचून मगच दुसरं मशीन शोधा, कारण एकाची दुसऱ्यात बसत नाही.